काचेचा रतीब: दुकानं आणि ऑफिसं कायमची गिऱ्हाईकं कशी करायची

काचा पुसायच्या धंद्यात नवीन आलेला माणूस आधी घरांच्या मागे लागतो. मीही लागलो होतो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस फोन थांबत नाही, सगळ्यांना एकाच रविवारी माणूस हवा असतो, आणि भाऊबीज झाली की पुढचे अकरा महिने कुणाला आपली आठवण येत नाही. दुकानाच्या काचेचं तसं नसतं. ती रोज मळते. रस्त्याची धूळ, गिऱ्हाइकांच्या बोटांचे ठसे, वरच्या एसीचं टपकणारं पाणी, सेलचे स्टिकर काढल्यावर उरलेला चिकटा. आज लख्ख केली तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा हात फिरवावाच लागतो.

म्हणून दुकानदाराला आपण खरं तर वार विकत असतो. घरी दुधाचा रतीब असतो तसा हा काचेचा रतीब. मंगळवार उजाडला की अकराच्या आत माणूस येणार, मालकाने फोन करायचा नाही, आठवण द्यायची नाही. पुण्यात इतकी वर्षं हे काम करताना मी पाहिलंय की ज्याला हे जमलं त्याचा धंदा टिकला. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत. उदाहरणं पुण्याची आहेत, पण नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर कुठेही लागू पडतील.

पहिली पायरी: एक रस्ता निवडा

'संपूर्ण शहरात सेवा' असं कार्डावर छापू नका. सुरुवातीला एक रस्ता घ्या, साधारण एक किलोमीटरचा, घरापासून जवळचा. कर्वे रस्ता, सातारा रस्ता, बाणेर रस्ता, तुम्हाला जो सोयीचा असेल तो. वही घेऊन दोन्ही फूटपाथ पायी फिरा, आणि दोनदा फिरा. एकदा सकाळी तिरप्या उन्हात, कारण बाहेरची धूळ आणि पाण्याचे डाग तेव्हाच दिसतात. दुसऱ्यांदा संध्याकाळी सातनंतर, आतले दिवे लागल्यावर, म्हणजे आतल्या बाजूचे ठसे आणि तेलकटपणा कळतो.

वहीत प्रत्येक दुकानापुढे चार गोष्टी लिहा: काच किती, कशाने मळली आहे, गल्ल्यावर मालक बसतो की मॅनेजर, आणि साप्ताहिक सुट्टी कधी. सुट्टीचा वार फार महत्त्वाचा. लक्ष्मी रस्त्यावरची बरीच दुकानं सोमवारी बंद असतात, भोसरीकडच्या औद्योगिक भागात गुरुवारची सुट्टी असते. बंदच्या दिवशी तुमचा फेरा आखलात तर पहिल्याच आठवड्यात गोंधळ होईल.

रस्त्याची दिशाही टिपून ठेवा. भर उन्हातली काच पुसली की साबणाचं पाणी वायपर फिरायच्या आतच वाळतं आणि पट्टे उमटतात. म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेली दुकानं सकाळी आणि पूर्वेकडची दुपारनंतर घ्यायची. शिवाय ज्या दुकानावर दुपारनंतर थेट ऊन येतं तिथले डाग मालकाच्या डोळ्यांसमोरच चमकत असतात, त्यामुळे तो लवकर पटतो.

चांगली गिऱ्हाईकं कोण? चष्म्याची दुकानं, सराफ, साड्यांची दालनं, मिठाईवाले, दातांचे दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, सलून, जिम, मोटारींच्या शोरूम. यात मी दातांच्या दवाखान्यांना वर ठेवतो. काच थोडी असते, डॉक्टर स्वतः मालक असतात, स्वच्छतेला किंमत देतात आणि पैसे वेळेवर मिळतात. बिल्डरच्या साइट ऑफिसला काच भरपूर आणि धूळही भरपूर, पण प्रकल्प संपला की काम संपतं, म्हणून सगळा भार त्यांच्यावर टाकू नका.

सुरुवातीला सोडून द्यायची ठिकाणंही असतात. बँकेच्या शाखेत बहुतेक वेळा साफसफाईचं कंत्राट वरच्या कार्यालयातून ठरतं. साखळी दुकानांचं हेड ऑफिसमधून. मॉलमध्ये फॅसिलिटीवाली कंपनी आधीच बसलेली असते. आणि काचेचे उंच टॉवर हा तर वेगळाच धंदा आहे. झुल्यावर किंवा दोरावर माणूस सोडायला प्रशिक्षण लागतं, अंगभर बसणारा सेफ्टी हार्नेस लागतो, विमा लागतो. हे नसताना, कुणी कितीही पैसे देऊ केले तरी, पोराला वर चढवू नका. तळमजला आणि पहिला मजला जमिनीवर उभं राहून लांब दांड्याने होतो आणि पोट भरण्याइतकं काम तेवढ्यातच आहे.

दुसरी पायरी: सामान आणि कागद

सामान थोडकं असतं. चांगल्या रबराचा वायपर, ओलं करायचा कापडी अ‍ॅप्लिकेटर, लांब होणारा दांडा, धारदार स्क्रेपर, बादली, मायक्रोफायबरची आठ-दहा फडकी. रबराची कड बोथट झाली की रेघा राहतात, म्हणून जास्तीचं रबर पिशवीत ठेवा. रसायन म्हणून हाउसकीपिंगवाले वापरतात ते आर-३ चालतं, साध्या धुळीला पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंबही पुरतात. पाणी मात्र तपासा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी काचेवर वाळलं की पांढरे ठिपके ठेवून जातं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतं, ते घ्या. बहुतेक ठिकाणी मी माझा पाण्याचा कॅन सोबत नेतो.

कागदांत शॉप अ‍ॅक्टचा कागद, धंद्याच्या नावाने चालू खातं, पॅन आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, एवढं आधी करून घ्या. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि सरकार तिचे पैसे घेत नाही, त्यामुळे एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. तिचा खरा उपयोग पुढे ऑफिसांच्या बिलात होतो, तो सांगतोच.

जीएसटीचं नीट समजून घ्या. आपल्या राज्यात सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी सक्तीची. काचा पुसायच्या सेवेचा सॅक कोड, म्हणजे जीएसटीतला सेवेचा क्रमांक, ९९८५३२ आणि दर १८ टक्के. छोट्या दुकानांवरच काम चालू आहे तोवर घाईने नोंदणी करू नका, कारण बऱ्याच दुकानदारांना ते १८ टक्के अंगावरच पडतात. ऑफिसं मिळायला लागली की स्वतःहून केलेली बरी. कंपन्यांना त्या कराची वजावट मिळते, म्हणून त्यांना तो जड वाटत नाही, उलट जीएसटी नंबर नसेल तर काही ठिकाणी व्हेंडर फॉर्मच पुढे सरकत नाही.

तिसरी पायरी: दुकानात शिरताना

वेळ चुकली तर चांगलं बोलणंही वाया जातं. दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. मालकाची पूजा, झाडलोट चालू असते, बोहनी व्हायची असते. दुपारी एक ते चार जेवणाची वेळ, पेठांमधली काही दुकानं तर तेव्हा बंदच. संध्याकाळी गिऱ्हाईक असतं. साडेअकरा ते साडेबारा हा तास धरा.

बोलणं छोटं ठेवा. मी असं बोलतो:

"नमस्कार साहेब. मी दर मंगळवारी या रस्त्यावर काचांचं काम करतो. तुमच्या दाराशेजारची एक काच पुसून दाखवू का? पैसे नकोत, तीन मिनिटं लागतील."

पहिलाच दिवस असेल तर 'काम करतो' म्हणू नका, 'काम सुरू करतोय' म्हणा. शेजारच्याला विचारून खरं-खोटं करायला मालकाला दोन मिनिटंही लागत नाहीत.

हो म्हणाले की दोन काचांमधली एकच पुसा आणि दुसरीला हात लावू नका. मग मालकांना विनंती करा, "साहेब, जरा बाहेर येऊन बघता का?" गल्ल्यावर बसणारा माणूस दिवसभर आतून बाहेर पाहतो. आपलं दुकान फूटपाथवरून कसं दिसतं हे त्याने कित्येक आठवड्यांत पाहिलेलं नसतं. पुसलेली आणि न पुसलेली काच शेजारी शेजारी दिसली की पुढचं बोलणं तोच सुरू करतो.

सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर: "आमचा मुलगा पुसतो की रोज." त्या मुलाला चुकूनही कमी लेखू नका. तो तिथेच उभा असतो आणि पुढे बादलीभर पाणी त्याच्याकडूनच घ्यायचं असतं. म्हणा, "छान पुसतो तो. आतली काच आणि काउंटर रोज त्यानेच बघावं. वरची आणि बाहेरची बाजू स्टुलावर चढून त्याला पुसायला लागू नये, ती आठवड्यातून एकदा मी करतो." बहुतेक मालकांना पोरगं स्टुलावरून पडायची भीती असतेच.

दुसरं उत्तर, "सांगतो नंतर." तेव्हा दर लिहिलेला कागद ठेवून निघा आणि पुढच्या मंगळवारी अगदी त्याच वेळेला पुन्हा दारात उभे राहा. आग्रह करायचा नाही, "नमस्कार साहेब, आज शेजारी काम आहे, आपलं काही ठरलं का?" एवढंच. माझी निम्मी-अधिक गिऱ्हाईकं अशी तिसऱ्या-चौथ्या खेपेला मिळाली. हा माणूस ठरल्या वारी, ठरल्या वेळी येतो, हे काम मिळायच्या आधीच त्यांना दिसलेलं असतं.

चौथी पायरी: दर ठरवताना रस्त्याचा हिशोब करा

चौरस फुटाचा दर विचारणारे खूप भेटतील, पण छोट्या दुकानात तो हिशोब फसवा असतो. काच पुसायला दहा मिनिटं लागतात आणि गाडी लावून बादली भरून तयार व्हायला तेवढीच. पैसा खातो तो दोन दुकानांमधला वेळ.

समजण्यापुरते आकडे धरू, तुमच्या गावचे तुम्ही घाला. एका माणसाचा महिन्याचा पगार १८,००० रुपये, कामाचे दिवस २६, म्हणजे दिवसाला सुमारे ६९०. पेट्रोल १२०, रसायन, फडकी, रबर, फोन मिळून ९०. झाले ९००. तुमचा फायदा, आजारपणाचे आणि सणांचे दिवस, सामानाची झीज यासाठी ७०० धरा. तर दिवसाला १,६०० रुपयांचं काम व्हायला हवं. एकाच रस्त्यावर चौदा दुकानं असतील तर एका खेपेला ११४ रुपये पडतात. तीच दुकानं कोथरूड, हडपसर, पिंपरी अशी विखुरली आणि दिवसात सहाच झाली, तर एका खेपेला २६७. म्हणजे तुमची शेजारची चौदा दुकानं असतील तर तुम्ही निम्म्याहून कमी दरात तेवढंच कमवू शकता. मोठी कंपनी त्या एका रस्त्यावर तुमच्याशी दरात झुंजू शकत नाही.

मालकाला आकडा महिन्याचाच सांगा. आणि आठवडे नीट मोजा. वर्षात ५२ आठवडे असतात, महिन्याला चार धरले तर ४८च होतात. पाचवा मंगळवार आला की "आज जास्तीचे पैसे का?" हा वाद ठरलेला. मी पाचवा मंगळवार दरातच धरतो आणि तसं कागदावर लिहितो, म्हणजे तो विषयच निघत नाही.

पहिली सफाई मात्र वेगळ्या दराने घ्या. महिनोन्महिने साचलेला चिकटा, रंगाचे शिंतोडे, जड पाण्याचे पांढरे डाग काढायला तिप्पट-चौपट वेळ लागतो. पांढरा डाग कोपऱ्यात थोड्या व्हिनेगरने सुटतोय का बघा. सुटला तर तो क्षारांचा थर आहे आणि निघेल. खूप जुना असेल तर काचच खराब झालेली असते, तेव्हा 'काढून देतो' असं वचन देऊ नका. सराफाच्या दुकानात उंबऱ्याला संगमरवर असेल तर आम्ल जपून वापरा, एक ओघळ पडला तरी दगडाची चकाकी जाते. आणि बाजारात डाग काढायची म्हणून हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेली द्रव्यं मिळतात, ती हातात घेऊ नका. ते कातडीतून आत हाडांपर्यंत जातं.

पाचवी पायरी: एका पानाचा कागद

तोंडी ठरलेलं काम पहिल्या भांडणापर्यंत टिकतं. एक पान पुरतं: कुठल्या काचा, आतून की बाहेरून की दोन्ही, कुठला वार, साधारण वेळ, महिन्याचा दर, पैसे कुठल्या तारखेला, पाणी कोण देणार, पावसात काय. आणि एक ओळ काचेवर आधीपासून असलेल्या ओरखड्यांची, फोटोसह.

ही शेवटची ओळ मला महागात पडून कळली. एका नव्या फर्निचरच्या दालनात काचांवर रंगाचे ठिपके होते. मी कोरड्या काचेवर स्क्रेपर चालवला, संध्याकाळी सगळं छान दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात काचभर बारीक ओरखडे चमकत होते. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या, काचेच्या पृष्ठभागावर कधी कधी भट्टीतले बारीक कण चिकटून राहिलेले असतात, पातं ते ओढत नेतं आणि रेघा पडतात. मी दोन काचा बदलून दिल्या, तीन महिन्यांची कमाई गेली. आता काचेच्या कोपऱ्यात टफन्डचा शिक्का आहे का ते आधी पाहतो, काच पूर्ण ओली करतो, पातं फक्त पुढे ढकलतो, मागे ओढत नाही. आणि स्क्रेपर लावायच्या आधी मालकाची कागदावर सही घेतो.

सहावी पायरी: ऑफिसं

रस्त्यावर पंधरा-वीस दुकानं झाली की वरच्या मजल्यांकडे बघा. चाळीस-पन्नास माणसांची ऑफिसं, सीएंच्या फर्म, आर्किटेक्ट, कोचिंग क्लास. इथे मालक भेटत नाही, अ‍ॅडमिनचं काम बघणारी व्यक्ती भेटते. रिसेप्शनवर ताईंना विचारा, "हाउसकीपिंगचं कोण बघतं?" त्या व्यक्तीची अडचण ओळखा. काच चमकण्यापेक्षा वरच्यांची बोलणी खावी लागू नयेत, ही तिची काळजी असते. खालच्या दुकानाकडे बोट दाखवून "दर मंगळवारी इथे असतोच" म्हणता आलं की निम्मं काम झालं.

कागद इथे जास्त लागतात. माणसांची पोलीस पडताळणी, ओळखपत्र, पगाराचा पुरावा मागतात. दहापेक्षा कमी माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, तुम्हाला सहसा लागू नसतो, पण कामावर कुणी पडला-झडला तर भरपाई कोण देणार हे ते विचारणारच. एम्प्लॉयी कॉम्पेन्सेशन पॉलिसी जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात, ती घ्या. ती त्या पोरासाठी घ्या, फाइलसाठी नंतर.

पीओ, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर, हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका. एका ऑफिसात मी फोनवरच्या शब्दावर तीन महिने काम केलं, अ‍ॅडमिनचे साहेब नोकरी सोडून गेले, आणि अकाउंट्सने पीओ नंबर नाही म्हणून बिल परत केलं. प्रत्येक खेपेला सर्व्हिस रिपोर्टवर सही आणि शिक्का घ्या, तोच पुढे बिलाला जोडायचा.

वैयक्तिक मालकीच्या धंद्याला बिलातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, कापतात, एक बिल ३०,००० च्या वर असेल किंवा वर्षाचं मिळून एक लाखाच्या वर गेलं तर. घाबरू नका, रिटर्न भरताना तो वळता होतो. पॅन दिला नाही तर मात्र २० टक्के कापतात.

आता उद्यमचं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात तुमच्यासारख्या सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ पासून असं बिल मुदतीत न देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, तो पैसे देईल त्याच वर्षी. हे त्यांच्या सीएंना पक्कं माहीत असतं. उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा. मार्च आला की जुनी बिलं आपोआप निघतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

सातवी पायरी: रतीब तुटू देऊ नका

एका रस्त्यावर शक्यतो एकच माणूस पाठवा. दुकानातली मुलं त्याला नावाने हाक मारू लागली की गिऱ्हाईक सहसा जात नाही. तो रजेवर असेल तर बदली माणसाला घेऊन स्वतः जा आणि ओळख करून द्या. कधी खंड पडणारच असेल तर आदल्या संध्याकाळी कळवा, त्याच सकाळी नव्हे.

पावसाळ्यात कसोटी लागते. जून लागला की "आता दोन महिने नको, पुसून उपयोग काय" असं ऐकू येतं. खरं तर पावसाच्या पाण्यापेक्षा काचेवर आधीच असलेली धूळ आणि गाड्यांनी उडवलेला चिखल काच घाण करतो. मी कागदावरच लिहितो की खेपेनंतर २४ तासांत चिखल उडाला तर खालचा पट्टा फुकट पुसून देईन. वर्षाला जेमतेम सहा-सात वेळा ते करावं लागतं, आणि त्या बदल्यात जून-जुलै हातचे जात नाहीत.

नवं काम शोधायला सगळ्यात चांगला काळ पितृपक्षाचा. बाजार थंड असतो, मालक निवांत असतात, आणि घटस्थापनेपासून दसरा-दिवाळीची धावपळ सुरू होणार हे त्यांना माहीत असतं. त्या पंधरवड्यात मी रोज पाच नवी दुकानं करतो. मोटारींच्या शोरूमना दसऱ्याची गाड्यांची डिलिव्हरी असते, सराफांना धनत्रयोदशी. "घटस्थापनेच्या आत सगळ्या काचा आतून-बाहेरून लख्ख, नंतर दर आठवड्याला" असं सांगितलं की पहिल्या मोठ्या सफाईबरोबर रतीबही बांधला जातो.

दरवाढ गुढीपाडव्याला, वर्षातून एकदाच, आणि महिनाभर आधी सांगून. मागच्या वर्षी एका चष्मेवाल्या काकांनी वाढ ऐकून होकारार्थी मान हलवली आणि म्हणाले, "शेजारी नवीन बेकरी येतेय, त्याला सांगून ठेवलंय मी तुमचं." पुढच्या मंगळवारी बेकरीच्या काचेवरचा कारखान्याचा कागदसुद्धा निघाला नव्हता, तेव्हाच आम्ही बादली घेऊन तिथे गेलो.